एबीसीडी शिकवायला डिग्री कशाला?

पत्र थोडक्यात असं: भांडुपला राहणारी वीस वर्षांची एक मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेलं वर्षभर ती सकाळी घराजवळच्या एका खासगी नर्सरीत मदतनीस म्हणून काम करते आणि दुपारी कॉलेजला जाते. नर्सरीतलं काम तिला इतकं आवडलंय की लहान मुलांची शिक्षिकाच व्हायचं असं तिनं ठरवलंय. बी.कॉम. सोडून बालशिक्षणाची रीतसर पदवी घ्यावी, असं तिच्या मनात आहे. घरी ते कुणालाच पटत नाही. भाऊ म्हणतो, ‘एबीसीडी शिकवायला डिग्री कशाला?’ वडील म्हणतात, ‘मुलं सांभाळायला बायकांना शिकवावं लागत नाही.’ हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या मावशीचं म्हणणं, ‘बी.कॉम. कर, मग बी.एड. कर, लहान-मोठे सगळे वर्ग शिकवता येतील.’ नर्सरी चालवणाऱ्या बाई म्हणतात, ‘आमच्या ब्रँडचा सहा महिन्यांचा कोर्स कर, लगेच वर्ग देते.’ वडिलांची खासगी नोकरी आणि आईचे पोळीभाजीचे डबे यावर घर चालतं, म्हणून चुकीच्या ठिकाणी पैसे गुंतवायची तिला भीती वाटते. ती विचारते, ‘लहान मुलांना शिकवायला खरंच विद्यापीठात जायला हवं का? मला मुलं मनापासून आवडतात, मुलं माझं ऐकतात. तेवढं पुरेसं नाही का?’

---

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. नोकरी मिळवायला विद्यापीठात जावं लागतं का, हा पहिला. खासगी नर्सरीत आज तरी तसं दिसत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९चा, आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल त्याच्या अकराव्या कलमात फक्त इतकंच आहे की सरकार त्यांच्यासाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय करू शकेल. सक्ती नाही. त्यामुळे मुंबईत गल्लोगल्ली, इमारतींच्या तळमजल्यावरच्या दोन-दोन खोल्यांत नर्सऱ्या उघडल्या, आणि तिथं शिकवतं कोण हे पालकही क्वचितच विचारतात. तुझ्या भावाला हेच चित्र दिसतंय. त्याला जे दिसतं ते तो बोलतो, म्हणून त्याच्यावर रागावू नकोस.

दुसरा प्रश्न असा की शिकवायला शिकावं लागतं का. याचं माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. आणि मूल जितकं लहान, तितकं शिक्षिकेला जास्त शिकावं लागतं. आपल्याकडे समजूत नेमकी उलटी आहे. बारावीला शिकवणारा मोठा, बालवाडीतली बाई छोटी. पगारही त्याच हिशेबानं. पण विचार कर, बारावीतल्या मुलाला एखादी गोष्ट समजली नाही तर तो हात वर करून तसं सांगू शकतो. पुस्तक उघडू शकतो, मित्राला विचारू शकतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला आपल्याला काय होतंय हेच सांगता येत नाही. ते रडतं, चावतं, टेबलाखाली जाऊन बसतं, नाहीतर एकदम गप्प होतं. त्याचं म्हणणं काय आहे हे समोरच्या मोठ्या माणसालाच ओळखावं लागतं, आणि ते नुसत्या प्रेमानं ओळखता येत नाही.

‘मुलं माझं ऐकतात’ असं तू लिहिलंस. या वाक्यापाशी मी थोडी थांबले. पंचवीस मुलांसमोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर ती ऐकू लागली की जीव भांड्यात पडतो, ते मला माहीत आहे. बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींबरोबर मी अनेक वर्षं काम केलंय, आणि पहिल्या महिन्यात जवळपास प्रत्येक जण हेच सांगते. पण ऐकतात म्हणजे काय करतात? हाताची घडी, तोंडावर बोट? सगळी एका सुरात ‘वन-टू-थ्री’ म्हणतात? की तू एखादा प्रश्न विचारल्यावर त्यातलं एखादं मूल तुला न सुचलेलं उत्तर देतं, दुसरं त्याला खोडून काढतं आणि तू दोघांचं ऐकून घेतेस? शांत वर्ग आणि शिकणारा वर्ग यांत फरक असतो. या वयात तर तो फार मोठा असतो. मुलं तुझं ऐकतात हा तुझा गुण आहेच. त्याच्या जोडीला मुलांचं ऐकायला शिकणं, हे प्रशिक्षणाचं खरं काम.

आता थोडी उदाहरणं देते, म्हणजे मी हवेत बोलतेय असं वाटणार नाही.

चार वर्षांची एक मुलगी घडाघडा पन्नासपर्यंत अंक म्हणते. पालक खूश, शाळा खूश. तिच्यासमोर बटणांची वाटी ठेव आणि म्हण, ‘मला यातली पाच दे.’ बऱ्याचदा अशी मुलं मूठभर बटणं उचलून देतात. अंकांची नावं पाठ असणं, एका वस्तूला एकच अंक लावत मोजणं, आणि शेवटी म्हटलेला अंक म्हणजे सगळ्या ढिगाची संख्या हे कळणं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. मूल कुठल्या पायरीवर आहे हे ज्या शिक्षिकेला कळतं, ती त्याला खडे, शिंपल्या, बसमधली माणसं, डब्यातल्या पोळ्या मोजायला देते. जिला कळत नाही, ती शंभरपर्यंत पाठांतर घेते. दोघींचंही मुलांवर सारखंच प्रेम असू शकतं.

दुसरं उदाहरण मुंबईतच जास्त भेटतं. घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारं मूल मराठी किंवा इंग्रजी वर्गात येतं आणि दोन-तीन महिने अवाक्षर काढत नाही. बाई आईला बोलावून सांगतात, ‘मूल मागे आहे. घरी आता इंग्रजीतच बोला.’ खरं तर नवी भाषा कानावर पडत असताना लहान मुलांचा असा गप्प राहण्याचा काळ असू शकतो, हे बालभाषेच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. त्या काळात मूल भरपूर ऐकत असतं, साठवत असतं. अशा वेळी घरची भाषा तोडायला सांगणं म्हणजे त्याच्या हाताशी असलेली एकमेव भाषा काढून घेणं. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. ज्या शहरात इतक्या भाषा एका जिन्यावर राहतात, तिथं शिक्षिकेला हे माहीत नसून कसं चालेल?

आणि तिसरं, जे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं. ‘लक्ष देत नाही’, ‘हाक मारली तरी बघत नाही’ असा शिक्का बसलेलं मूल. लहान मुलांना सर्दी वारंवार होते, त्यातून कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि काही आठवडे त्यांना कमी ऐकू येतं. दुखत नाही, त्यामुळे मूल तक्रारही करत नाही. हे माहीत असलेली शिक्षिका मुलाच्या पाठीमागे उभी राहून हळूच त्याचं नाव घेऊन बघते, आईशी बोलते आणि डॉक्टरांकडे पाठवते. माहीत नसलेली त्याला कोपऱ्यात बसवते. म्हणून बालशिक्षणाच्या चांगल्या अभ्यासक्रमात आरोग्य, आहार, भाषाविकास आणि मानसशास्त्र असतं. भावाला हे उदाहरण नक्की सांग.

वडिलांचं म्हणणं जरा वेगळं आहे. बायकांना हे जन्मतःच येतं, असं ते समजतात. यात आईबद्दल आदर आहे हे मी मान्य करते. पण घरातलं एक मूल वाढवणं आणि वीस वेगवेगळ्या घरांतून आलेली वीस मुलं रोज तीन तास एका खोलीत वाढवणं यांत फार अंतर आहे. केंद्र सरकारच्या २०१३च्या बालसंगोपन व बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस असावं, असं म्हटलंय. ते प्रमाणही सगळीकडे पाळलं जात नाही. शिवाय हे काम उपजत येतं असं म्हटलं की त्याचा पगारही तितकाच ठरतो. जे जन्मतःच येतं त्याचे पैसे कोण देणार? बालवाडीच्या शिक्षिकांना मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांच्या मुळाशी ही समजूत आहे, आणि ती तुझ्या वडिलांची एकट्याची नाही. जाता जाता हेही लिहून ठेवते: लहान मुलांना शिकवायची इच्छा असलेल्या मुलग्यांचीही पत्रं मला येतात. त्यांना हीच समजूत दुसऱ्या बाजूनं आडवी येते. हे काम तुमचंही आहे, संकोच करू नका.

आपल्या महाराष्ट्रात तर हा प्रश्न नवीन नाही. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक उच्चशिक्षित होत्या. भावनगरला वकिली सोडून बालशिक्षणात उतरलेल्या गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची सुरुवात झाली. पुढे त्या मुंबईत परतल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार काढला. मुलांच्या शाळेबरोबर शिक्षिका तयार करण्यावरही त्यांनी तितकाच भर दिला. १९४५ साली त्या डहाणूजवळ बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांचं काम वाढलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, शिंपले, खडे, काड्या अशा भोवतालच्या वस्तूंतून साधनं तयार केली. हे त्यांना जमलं, कारण मूळ साधनामागचा विचार त्यांना पुरता समजला होता. ज्याला विचार माहीत नाही तो फक्त साधन विकत घेऊ शकतो. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ‘अंगणवाडी’ ही कल्पनाही आपल्याकडे याच कामातून रुजली. तेव्हा बालशिक्षणाला अभ्यास लागतो, ही गोष्ट विद्यापीठांनी अलीकडे काढलेली नाही.

आता मावशीचा सल्ला. त्या स्वतः शिक्षिका आहेत आणि तुझं भलं चिंतून बोलतात, पण त्यांची माहिती जुनी झालीय. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं, म्हणजे एनसीटीईनं, २०१८ साली ती वाट उघडली होती. न्यायालयानं ती रद्द केली. कारण साधं होतं: लहान मुलांना शिकवण्याची पद्धत वेगळी असते आणि बी.एड. त्यासाठी तयार करत नाही. म्हणजे बी.कॉम. आणि बी.एड. केलंस तर तू सहावीपासून पुढच्या वर्गांकडे जाशील. वाणिज्य शिकवायची हौस असेल तर जरूर जा. पण तुझ्या पत्रात वाणिज्याचं नावही नाही. तीनशे रुपयांच्या रंगीत कागदांतून तू केलेल्या पावसाळ्याच्या भिंतीबद्दल मात्र अर्धं पान आहे.

नर्सरीच्या बाईंच्या कोर्सबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. काही छोटे कोर्स मन लावून शिकवले जातात. फी भरण्याआधी तीन गोष्टी मात्र विचार. हे प्रमाणपत्र कोण देतं, आणि त्यांच्या ब्रँडच्या बाहेर ते कुणी मानतं का? शिकवणारी व्यक्ती स्वतः काय शिकली आहे? आणि सहा महिन्यांत मी किती दिवस वर्गात असेन, तेव्हा माझं काम बघून मला चुका दाखवणारं कुणी असेल का? बऱ्याच ठिकाणी अशा कोर्समध्ये त्या ब्रँडची वर्कबुकं कशी भरून घ्यायची एवढंच शिकवतात. तीन वर्षांच्या मुलाकडून चार ओळींच्या वहीत अक्षरं गिरवून घेणं त्यात हमखास असतं. या वयात मनगटातली हाडंसुद्धा पूर्ण घडलेली नसतात. त्या हातांना कणीक, माती, कात्री, मणी हवेत. जो कोर्स तुला हे सांगत नाही, तो स्वस्त असला तरी महाग पडतो.

मग वाटा कोणत्या? सगळ्यांची यादी देत बसत नाही, तुझ्यासारखीला उपयोगी पडतील त्याच सांगते.

डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., दोन वर्षांचं आहे. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, आणि राज्यातले प्रवेश पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत होतात. ते करून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झालीस की पहिली ते पाचवीसाठी तू पात्र ठरतेस. सरकारी आणि अनुदानित शाळांत जायचं असेल तर ही पात्रता लागतेच. उणीव एकच, त्याचा कल पहिलीच्या पुढच्या मुलांकडे आहे. तीन ते सहाच्या मुलांचा अभ्यास त्यात पुरेसा होत नाही.

मानव विकास विषयातली पदवी ही दुसरी वाट. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू आवारातलं सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय, न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय, अशा ठिकाणी हा विषय घेता येतो. ‘होम सायन्स’ म्हटलं की लोकांना स्वयंपाक आणि शिवण आठवतं, त्यामुळे कितीतरी मुली इकडे वळतच नाहीत. बालविकासाचा गंभीर अभ्यास मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या या महाविद्यालयांतच झाला आहे. गर्भावस्थेपासून वृद्धत्वापर्यंत माणूस कसा घडतो ते इथं शिकवतात, आणि निरीक्षणाचं काम भरपूर असतं. पण ही पदवी म्हणजे शासकीय शाळेतल्या शिक्षकपदाची पात्रता नव्हे. ती वेगळी घ्यावी लागते. हे प्रवेश घेण्याआधीच माहीत असावं, नंतर कळून मनस्ताप होतो.

तिसरी वाट नवी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एक सलग टप्पा मानला, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. मे महिन्यात वाळूत खेळणारं मूल जूनमध्ये बाकावर ताठ बसलं पाहिजे, हा हट्ट त्यामुळे निदान कागदावर तरी संपला. याच विचारातून चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण अभ्यासक्रम, आयटीईपी, २०२३-२४पासून काही संस्थांत सुरू झाला. त्यात तीन ते आठ वर्षांचा हा टप्पा, म्हणजे पायाभूत स्तर, निवडता येतो आणि प्रवेशासाठी एनसीईटी ही राष्ट्रीय परीक्षा असते. बारावीच्या उंबरठ्यावरच्या मुलींनी याचा आधी विचार करावा. कोणत्या संस्थेला मान्यता आहे ते एनसीटीईच्या संकेतस्थळावर तपासूनच पाऊल उचला, कारण नियम सध्या भराभर बदलत आहेत.

आणि चौथी, इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, बालसंगोपन व बालशिक्षणातली पदविका. बारावीनंतर करता येते, दूरशिक्षणानं, इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातून. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची वाढ, आरोग्य, खेळ आणि बालवाडी चालवण्याची व्यवस्था असा तिचा आवाका आहे, आणि प्रत्यक्ष मुलांबरोबर करायचं कामही आहे. दूरशिक्षण म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्यातली पुस्तकं मन लावून वाचली तर भारतीय घरांतलं, भारतीय अंगणवाडीतलं मूल समोर उभं राहतं.

तुला माझं मत हवंय, तर ते असं. बी.कॉम. सोडू नकोस. अर्ध्याहून जास्त रस्ता झालाय. पदवी हातात असली की पुढे शिक्षणशास्त्रात एम.ए. करता येतं, अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेसारख्या पदांना अर्ज करता येतो. कधीकाळी स्वतःची बालवाडी काढलीस तर हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात द्यावी लागणार नाही. त्याच्या जोडीला इग्नूची पदविका कर. विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२२मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे, तेव्हा एक कॉलेजात आणि एक दूरशिक्षणानं असं तुला जमेल. तरी तुझ्या कॉलेजच्या कार्यालयात एकदा विचारून घे. पदवी झाली की डी.एल.एड.ला प्रवेश घे. पदविकेत सहाच्या आतली मुलं आणि डी.एल.एड.मध्ये सहाच्या पुढची, असे दोन्ही तुकडे जोडले गेले की तीन ते आठचा तो टप्पा तुला खऱ्या अर्थानं सलग समजेल. मधल्या काळात नर्सरीची नोकरी चालू राहील, घरावर एकदम ओझं पडणार नाही, आणि हे आपलं काम नाही असं तुलाच वाटलं तर वर्षं वाया जाणार नाहीत. तू बारावीत असतीस तर माझा सल्ला वेगळा असता.

पैशांबद्दल स्पष्ट बोलते, कारण तुझी खरी काळजी तीच आहे. खासगी नर्सऱ्यांत सुरुवातीचा पगार कमी असतो, सुट्टीच्या महिन्यांचा काही ठिकाणी मिळतही नाही. अंगणवाडी सेविकांना आणि पालिकेच्या बालवाड्यांतल्या शिक्षिकांना वेतनश्रेणी नाही, मानधन आहे. पहिलीपासूनच्या शासकीय नोकरीत पगार चांगला, पण भरतीची वाट लांब. ती भरती राज्याच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून होते, आणि त्यासाठी टीईटीच्या पुढची टेट ही अभियोग्यता परीक्षा लागते. टेट २०१७, २०२३ आणि २०२५ साली झाली. मधली अंतरं बघ, म्हणजे अंदाज येईल. भरती रखडल्यामुळे राज्यातली कितीतरी अध्यापक विद्यालयं ओस पडली. त्यामुळे ‘दोन वर्षांत सरकारी नोकरी’ असं कुणी सांगत असेल तर त्यावर घरचे पैसे लावू नकोस. चांगल्या मोठ्या शाळांचे पूर्वप्राथमिक विभाग मात्र आता प्रशिक्षित शिक्षिका मागतात आणि मुलाखतीत खरोखर वर्ग घ्यायला लावतात. तिथं पदविका, अनुभव आणि मुलांबद्दल नेमकं बोलता येणं यांना किंमत आहे.

शिष्यवृत्ती आणि फीमाफीचं महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर नीट बघ. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्यानं २०२४मध्ये घेतला. आपला प्रवर्ग आणि आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेश घेण्याआधी तपासायचं. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसील कार्यालयात जूनमध्ये झुंबड उडते, तो आधीच काढून ठेव.

कुठेही प्रवेश घ्यायचा झाला तर कॉलेजची इमारत बघू नकोस, सरावाचं वेळापत्रक माग. संस्थेची स्वतःची बालवाडी आहे का? नसेल तर विद्यार्थिनींना कुठे पाठवतात, एकाच श्रीमंत शाळेत की मानखुर्दच्या अंगणवाडीतही? वर्गात मागे बसून तुझं शिकवणं कोण बघतं, आणि नंतर तुझ्याशी किती वेळ बोलतं? माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा इथं आहे. मूल कसं बघायचं हे पुस्तकातून कळतं, पण बघायची सवय जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच लागते. तुम्ही दोघींनी तेच मूल बघितलेलं असतं. तू लिहिलेलं असतं ‘हट्टी आहे’, आणि बाई विचारतात, ‘हट्ट केला म्हणजे त्यानं नेमकं काय केलं? त्याच्या आधी काय झालं होतं?’ अशा प्रश्नांनी शिक्षिका घडते. ज्या शिक्षिकेला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, तिच्या वर्गातल्या ‘हट्टी’ मुलाचं काय होत असेल याचा विचार करून मला अस्वस्थ व्हायला होतं.

यासाठी प्रवेशाची वाट बघायची गरज नाही. नर्सरीच्या बाईंना सांग, ‘कोर्सचं मी घरी विचारून सांगते, पण आठवड्यातून एकदा मला अर्धा तास मोकळा द्या.’ त्या अर्ध्या तासात एकच मूल निवड आणि ते जे करतं, बोलतं ते जसंच्या तसं लिही. स्वभावाचं एकही विशेषण लिहायचं नाही. ‘चिडखोर’ नाही, ‘ठोकळा पडला, त्यानं दोन्ही हातांनी बाकीचे ढकलले आणि माझ्याकडे बघितलं’, असं. तारीख घाल. तीन महिन्यांनी पहिलं पान पुन्हा वाच. हे करताना तुला कंटाळा आला तर ते ज्ञानही मोलाचं आहे. मुलं आवडतात पण शिकवण्याचा पेशा आवडत नाही, असं असू शकतं आणि त्यात कमीपणा काही नाही. पण या लिखाणातच तुझा जीव रमला, तर घरच्यांशी बोलताना तुझ्याकडे हट्टापेक्षा भक्कम काहीतरी असेल. वडिलांना त्या वहीतलं एक पान वाचून दाखव. फीचा कागद त्यानंतर पुढे कर.

इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांना होतात. तुझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा उन्हाळ्यात संपेल, म्हणून जुलैचं सत्र तुला सोयीचं पडेल. फॉर्म भरण्याआधी जवळचं अभ्यासकेंद्र कोणतं आणि तिथं प्रात्यक्षिकाचं मार्गदर्शन प्रत्यक्ष कोण करतं, एवढं फोन न करता स्वतः जाऊन विचारून ये.